पंचवीस तारखेची ड्यूटी

माझी आत्या बाळंतिणींच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स होती. त्यातली बत्तीस वर्षं तिनं पंचवीस डिसेंबरची सकाळची ड्यूटी मागून घेतली. मागून म्हणजे खरोखर मागून. नोव्हेंबरात ड्यूट्यांचा तक्ता लागायच्या आधीच ती मेट्रनपुढे जाऊन उभी राहायची. बाकीच्या नर्सना ते सोन्याहून पिवळं. तिला दुवा देत त्या आपापल्या घरी सण करायच्या.

आमच्या घरी मात्र त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असायची. आत्यानं लग्न केलं नव्हतं. स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत ती राहायची. लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, खुंटीला पांढरा गणवेश आणि खिडकीच्या दोरीवर वाळणारे मोजे, एवढाच तिचा संसार. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांना बहिणीचा अभिमान फार. "आमची ताई म्हणजे चालतंबोलतं शुभवर्तमान," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आई तेवढी गप्प राहायची. नाताळाचं सगळं काम तिच्या एकटीवर पडायचं, आणि त्या चालत्याबोलत्या शुभवर्तमानाच्या वाटणीची भांडीही तीच घासायची.

चर्चमध्ये तर आत्याचा विषय दरवर्षी निघायचा. आमचे पाळकसाहेब तरुणपणी या मंडळीत आले आणि इथेच म्हातारे झाले. नाताळच्या प्रवचनात ते ठरल्या जागी थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "आपण इथे उबेत बसून गातो आहोत. आपली एक बहीण मात्र या घटकेला कुणा अनोळखी बाळाला हातात झेलत असेल. मग नाताळ कुठे आहे? इथे की तिथे?" माना हलायच्या. बाबा पाठ ताठ करून बसायचे. मला लहानपणी वाटायचं, नाताळ तिथे आहे तर आपण इतके घट्ट बूट घालून इथे कशाला आलो.

दहा वर्षांची असताना मी आत्याला सरळ विचारलं, "तुला नाताळ आवडत नाही का गं?"

ती बुटांना पॉलिश करत होती. हात न थांबवता म्हणाली, "आवडण्यासारखं काय आहे त्यात? दिवस भरलेल्या एका बाईला कुणी दारात उभं केलं नाही, त्याची गोष्ट आहे ती. आपण त्यावर केक कापतो."

आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं. "ताई, पोरीच्या डोक्यात काय भरवता," एवढंच म्हणाली. आत्यानं दुसरा बूट उचलला.

एरवीच्या रविवारी ती न चुकता चर्चला यायची. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. गीतपुस्तक उघडं धरायची, पण ओठ मिटलेले. बाबा सांगायचे की ताईचा आवाज एके काळी असा होता की वाटेनं जाणारे चर्चच्या दारात थबकायचे. मग आता का गात नाही, असं विचारलं की म्हणायचे, "जागरणांनी घसा गेला बिचारीचा." घरात ती एकटी असताना मी एकदा तिला गुणगुणताना ऐकलं होतं. घसा ठणठणीत होता. पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

आत्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नोव्हेंबरअखेर निवृत्त झाली. मी तेव्हा अठ्ठावीसची होते आणि शाळेत शिकवत होते. म्हणजे बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच नाताळ आणि आत्या एकत्र आमच्या घरात येणार होते. पाळकसाहेब स्वतः घरी आले. "सिस्टर, यंदा उपासनेत मंडळी तुमचा सत्कार करणार. तुम्ही फक्त पाच मिनिटं बोलायचं. नाताळचा खरा अर्थ काय, यावर. तुमच्याशिवाय तो सांगायचा अधिकार कुणाला?"

आत्या म्हणाली, "माझा अधिकार तुम्हाला माहीत नाही."

तो नम्रपणा आहे असं समजून पाळकसाहेब हसले. बाबाही हसले. आत्या त्या दोघांकडे बघत म्हणाली, "बरं. बोलते."

त्या सकाळी चर्च गच्च भरलं होतं. वेदीच्या बाजूला गव्हाण मांडली होती. गवत, मातीची गुरं, मधे ते गुलाबी गालांचं बाळ. मुलांच्या हातांत मेणबत्त्या. आत्याच्या खांद्यावर शाल घातली गेली, टाळ्या झाल्या. ती मायक्रोफोनपुढे उभी राहिली. कागद वगैरे काही नव्हता.

"मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट आहे," ती म्हणाली. वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकांना सूचना द्यायचा तिचा जो आवाज, तोच. "तेव्हा मी गायची. त्या नाताळला या चर्चमध्ये मला एकटीनं एक गीत गायचं होतं. महिनाभर तयारी केली होती. ड्यूटी दोन वाजेपर्यंत होती, पण मैत्रिणीला सांगून साडेनऊला निघायचं ठरवलं होतं. चर्चचे कपडे पिशवीत घडी करून ठेवले होते.

"नऊ वाजून दहा मिनिटांनी एक बाई आली. बरोबर नवरा. तिचे हात गार पडले होते. मी पोटावर हात ठेवला. दुखणं चालू झालं होतं. दाखल करायचं म्हणजे कागद, तपासणी, डॉक्टरांना बोलावणं, ते येईपर्यंत थांबणं. तास गेला असता. मी घड्याळ बघितलं. म्हटलं, अजून वेळ आहे, आणि इथे जागा नाही. मोठ्या दवाखान्यात जा."

मागे कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर अजून ते गोड हसू होतं. गोष्ट पुढे वळण घेऊन बरी होणार, अशी त्यांची खात्री असावी.

"खाट होती," आत्या म्हणाली. "कोपऱ्यातल्या खोलीतली बाई घरी जायला निघाली होती. चादर बदलली की झालं असतं. मी नाही म्हणाले, कारण मला गायचं होतं. सुट्टीचा दिवस, रस्त्यावर गाडी नव्हती. ती दोघं चालत निघाली. वाटेत टपाल कचेरी लागते. बंद होती. तिच्या पायऱ्यांवर ती बाळंत झाली. मुलगा झाला. तो रडला नाही. बाईला हातगाडीवर घालून परत आमच्याच दवाखान्यात आणलं, तेव्हा मी इथे, त्या तिथे, तुमच्यापुढे उभी होते. गीत कोणतं होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या आईला कुणी जागा दिली नाही, तेच. बायका डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं होतं.

"दुसऱ्या दिवशी वॉर्ड झाडणाऱ्या आयांकडून कळलं. कुणी मला काही विचारलं नाही. विचारणार कसं? रजिस्टरात तिचं नावच नव्हतं. म्हणजे ती आलीच नव्हती. पुढच्या वर्षापासून मी पंचवीस तारखेला ड्यूटीवर राहिले, कारण त्या दिवशी इथे बसायची मला लाज वाटत होती. तुम्ही त्याला सेवा म्हणालात, आणि बत्तीस वर्षं मी ते चालू दिलं. नाताळचा अर्थ मला विचारलात म्हणून सांगितलं. दार वाजतं तेव्हा तुम्हाला कुठेतरी जायचं असतं. एवढाच आहे तो."

तिनं शाल काढली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

मुलांच्या हातांतल्या मेणबत्त्या तडतडत होत्या. बाबा खाली बघत होते. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं. मग पाळकसाहेब पुढे झाले. मायक्रोफोन हातात आला की त्यांना काही सुचलं नाही असं कधी होत नसे.

"प्रियांनो," ते म्हणाले, "केवढं धैर्य. आपल्या या बहिणीनं आज आपलं ओझं क्रुसापाशी ठेवलं. सिस्टर, देवानं तुम्हाला केव्हाच क्षमा केली आहे. आम्हीही केली आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटका झाल्यासारख्या.

आत्या पायरी उतरता उतरता वळली. मायक्रोफोन नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "पाळकसाहेब, तुम्हाला कुणी विचारलं?"

नंतर आवारात चहा होता. बायकांनी आत्याला मिठ्या मारल्या. "मन हलकं झालं असेल नाही," असं एकीनं विचारलं. दुसरीनं सांगितलं की माझ्या तर अंगावर काटा आला, आणि त्याच दमात केकचा तुकडा पुढे केला. आत्यानं तो घेतला, हातात धरला, आणि घरी येईपर्यंत तसाच धरून होती.

घरी आल्यावर बाबांनी कोट खुर्चीवर टाकला. "बत्तीस वर्षं गप्प राहिलीस ना ताई? आणखी दहा राहायचं होतंस. मग काय, दोघंही मेलोच असतो."

"म्हणूनच बोलले," आत्या म्हणाली.

आईनं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आत्याच्या खोलीत जाऊन तिला चहा दिला. दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. फार काही बोलल्या नसाव्यात.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आत्या मला म्हणाली, "शनिवारी माझ्याबरोबर येशील? मला एकटीनं जायचा धीर होत नाही." तिला धीर होत नाही हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

ती बाई कुठे राहते हे तिला सगळा काळ माहीत होतं. बस डेपोच्या मागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. चेन बदलणं, बाही कमी करणं, उसवलेलं शिवणं. नवरा वारला होता. नंतर मूल झालं नव्हतं. आत्या कितीदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतली होती. एकदा आत गेली होती, कोटाच्या बाह्या कमी करायला. कोट दिला, आठवड्यानं नेला, आणि एक शब्द न बोलता घरी आली.

दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी मशीन, त्यावर वाकलेला दिवा, भिंतीला कपड्यांची गाठोडी आणि प्रत्येकाला टाचणीनं लावलेली चिठ्ठी. बाई साठीच्या आतबाहेरची, बारीक, तोंडात टाचण्या धरलेल्या. तिनं मान वर करून आत्याकडे बघितलं आणि टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या.

"या," ती म्हणाली. "आज कोट नाही आणलात?"

आत्या उभीच राहिली. "तुम्ही ओळखलंत मला?"

"तेव्हाच ओळखलं होतं. बाह्या मुळात बरोबर होत्या. मी नुसत्या उसवून पुन्हा तशाच शिवल्या. म्हटलं, बघू बाई बोलते का."

आत्यानं तोंड उघडलं, पण बाईनं हातानं थांबवलं. आवाज चढवला नाही. हातातलं कापडही खाली ठेवलं नाही.

"चर्चमध्ये सांगितलंत म्हणे. सगळ्या लोकांपुढे. तुमच्याकडच्या चार बायका आठवडाभरात इथे येऊन गेल्या. धड असलेले कपडे घेऊन. मला बघायला. मग तुमचे पाळक आले. केक घेऊन. म्हणाले, पुढच्या रविवारी दोघींनी वेदीपुढे यायचं, हातात हात घ्यायचा. लोकांच्या विश्वासाला बळ मिळेल." तिनं हातातलं कापड उलटवलं. "माझं मूल होतं ते. तुमच्या भाषणात कशाला घेतलंत? मला विचारलंत?"

आत्याचा चेहरा पांढराफटक झाला. मी तिच्या कोपराला धरलं. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला हजार प्रश्न विचारले असतील, पण हा एक तिला सुचला नव्हता, हे मला दिसत होतं. मलाही सुचला नव्हता.

"चुकलं," आत्या म्हणाली. "तेही चुकलं."

"हो."

"मी माफी मागायला आले होते."

"माहीत आहे. आणि मी म्हणावं की जाऊ द्या, झालं गेलं, तुमचा तरी काय दोष. मी नाही म्हणणार. तुमचा दोष होता. खाट होती हे मला तुमच्या भाषणानंतर कळलं. बत्तीस वर्षं मी समजत होते की खरंच जागा नव्हती. नवऱ्याला दोष देत आले, की तू वाद घातला नाहीस, तू लवकर निघाला नाहीस. तो बिचारा ते ऐकत ऐकतच मेला. आता त्याची माफी मी कुठे मागू?"

 बाहेर डेपोत बस मागे घेत होते, त्याची शिट्टी ऐकू येत होती.

आत्यानं अगदी हळू विचारलं, "नाव ठेवलं होतं का त्याचं?"

"ठेवलं होतं," बाई म्हणाली. "तुम्हाला सांगणार नाही."

तिनं पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. आम्ही निघालो.

डेपोसमोरच्या बाकावर आत्या बसली ती दोन बस सोडून दिल्या तरी उठली नाही. मला राग आला होता. त्या बाईचा नाही, पाळकसाहेबांचा, त्या चार बायकांचा आणि थोडा आत्याचाही. रागाच्या भरात मी विचारलं, "तुझा अजून देवावर विश्वास आहे?"

"आहे ना," ती म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे. देव नाही असं एकदा म्हणता आलं असतं, तर त्या सकाळी एक नर्स घाईत होती एवढंच उरलं असतं. माणसं घाईत असतातच. पण तो आहे. आणि तो चर्चमधल्या त्या गवतात नव्हता, तिथे टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर होता. मी त्याला पाठवून दिलं आणि त्याचीच गाणी गायला गेले." मग म्हणाली, "ती बाई बरोबर बोलली. आज पहिल्यांदा माझ्याशी कुणीतरी खरं बोललं. क्षमा मिळाली असती तर मी परत गायला लागले असते गं. तेवढी मी निर्लज्ज आहे."

त्यानंतर सहा वर्षं आत्या जगली. रविवारी शेवटच्या बाकावर बसत राहिली. पाळकसाहेबांनी दोनदा बोलावणं पाठवलं, ती गेली नाही. ती त्या गल्लीतही पुन्हा गेली नाही. "माझं तोंड बघायला लागू नये, एवढं तरी तिला देता येईल," असं म्हणाली. नाताळच्या दिवशी ती घरीच असायची. आईबरोबर भाज्या चिरायची, भांडी घासायची, आणि आम्ही चर्चहून आलो की जेवायला वाढायची. सहा वर्षांत आईचं आणि तिचं असं काही जमलं की मला कधीकधी हेवा वाटायचा. देवाच्या बाबतीत ती काही बोललीच तर एवढंच, की रोज प्रार्थना करते, पण स्वतःसाठी काही मागत नाही. मागायला तोंड नाही आणि न मागता राहवत नाही, त्यामुळे नुसती बसून राहते.

फेब्रुवारीत ती छातीच्या दुखण्यानं गेली. तिच्याच दवाखान्यात, तीन दिवसांत. शेवटच्या दुपारी मी जवळ होते. काही निरोप वगैरे तिनं दिला नाही. उशी सरळ करायला सांगितली आणि तोंड भिंतीकडे केलं.

अंत्यविधीला चर्च पुन्हा भरलं. पाळकसाहेब आता काठी घेऊन चालत होते, पण आवाज तोच. त्यांनी आत्याची गोष्ट सांगितली. बंद टपाल कचेरी सांगितली, गेलेलं बाळ सांगितलं. मग चष्मा काढला आणि सांगितलं की आपली ही बहीण त्या आईच्या दारी गेली, त्या आईनं तिला उराशी धरलं, म्हणाली की मी तुला प्रभूच्या नावानं क्षमा करते, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. "हाच नाताळ," ते म्हणाले. लोक हुंदके देत होते. बाबांनी रुमाल काढला. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. दोघींपैकी कुणी उठलं नाही. चर्चमध्ये मधेच उठून बोलायचं म्हणजे अंगात आत्याएवढं काहीतरी लागतं.

माती देऊन परतताना फाटकापाशी मी त्यांना गाठलं. "पाळकसाहेब, तसं झालं नव्हतं. मी तिथे होते. त्या बाईनं क्षमा केली नव्हती."

ते थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर लाज नव्हती, नुसता थकवा होता. "ठाऊक आहे मला. त्या बाईनं मला केकसकट बाहेर काढलं होतं. पण बाळ, हे लोक तिच्यासाठी रडायला आले होते. त्यांना घरी काय देऊन पाठवू? क्षमा मिळाली नाही, असं सांगू?"

"खरं ते सांगा."

"खरं ऐकून कोण परत येतं," ते म्हणाले आणि काठी टेकत पुढे गेले.

त्या वर्षीच्या नाताळला मंडळीनं स्मरणिका काढली. पाळकसाहेबांनी सांगितलेली गोष्ट त्यात छापायची होती, दोघींच्या मिठीसकट. आत्याचा एखादा गणवेशातला फोटो हवा म्हणून कमिटीचा माणूस घरी आला. मी दारातच सांगितलं की आमच्याकडे फोटो नाही. तो जिना उतरत होता, तोवर बाबा आतून कपाट धुंडाळून आले. फोटो त्यांच्या हातात होता, काच पुसलेली. "अहो, थांबा," त्यांनी हाक मारली, आणि अनवाणीच त्याच्या मागे खाली गेले.